अकरा जणींचं टेबल

वाळूजच्या त्या कारखान्यात मोटारसायकलींची कुलपं तयार व्हायची, म्हणून सगळ्या एमआयडीसीत त्याला कुलुपाची कंपनी म्हणत. नूरमोहम्मद तिथं टूलरूममध्ये फिटर होता. चोवीस वर्षं. खुलताबादेतून सकाळी निघणारी कंपनीची बस त्यानं एवढ्या वर्षांत दोनदाच चुकवली होती, एकदा वडील गेले तेव्हा आणि एकदा लेकीला बघायला पाहुणे आले तेव्हा. साचे आणि डाय बनवायच्या, बिघडल्या तर दुरुस्त करायच्या, घासूनपुसून केसाइतक्या मापात आणायच्या, हे त्याचं काम. त्यात त्याचा हात धरणारा माणूस आसपासच्या चार कंपन्यांत नव्हता, आणि हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

टूलरूमकडं जायच्या वाटेवर, प्रेसशॉपच्या खिडकीखाली, पत्र्याचं एक लांब टेबल होतं. त्या टेबलाशी अकरा बायका बसायच्या. जस्ताचा ओतलेला तुकडा साच्यातून बाहेर पडला की त्याच्या कडेला पातळ, धारदार पापुद्रा राहतो. कारखान्यात त्याला बर म्हणतात. तो कानशीनं घासून काढायचा, हे या बायकांचं काम. एका शिफ्टमध्ये एकीनं बाराशे नग. हातमोज्यांचा जोड महिन्याला एक मिळायचा आणि आठव्या दिवशी फाटायचा. बायका कंपनीत सात-सात, आठ-आठ वर्षं होत्या. पण कागदावर त्या कंपनीच्या नव्हत्या, ठेकेदाराच्या होत्या.

त्यांच्यातली आवडाबाई सगळ्यांत जुनी. पैठण तालुक्यातली, नवरा वारलेला, रांजणगावात एका खोलीत राहायची. लेक श्रेया नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. एक दिवस आवडाबाई टूलरूमच्या दारात उभी राहिली. "नूरभाऊ, जरा चिकटपट्टी हाय का? वायरीला लावतेत ती."

"कशाला पायजे?"

तिनं दोन्ही हात पुढं केले. बोटांच्या टोकांवर इतक्या चिरा होत्या की जुनी कोणती नि नवी कोणती ते कळत नव्हतं. अंगठा तर गुळगुळीत झाला होता, घासलेल्या जस्तासारखाच. "अंगठाच उमटंना मशिनीत," ती म्हणाली. "रेशन दुकानातून तीनदा माघारी आले. तो म्हणतो बाई, तुम्ही तुम्ही नाहीच." आणि हसली.

नूरमोहम्मदनं चिकटपट्टीचं आख्खं रीळ तिला दिलं. पण त्याला ते हसणं काही सोसलं नाही. तो जेवायच्या सुट्टीत डबा पाच मिनिटांत उरकू लागला आणि उरलेल्या वेळात स्क्रॅपमधून उचललेल्या पोलादाच्या ठोकळ्यावर काम करू लागला. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाला विचारलं नव्हतं. दोन महिने लागले. शेवटी एक डाय तयार झाली. तुकडा तिच्यात ठेवायचा, प्रेसचा एक ठोका द्यायचा, की बर चहूबाजूंनी कातरून खाली पडायची. कानस नको, काही नको.

पहिला तुकडा त्यानं आधी त्या टेबलाकडं नेला. आवडाबाईनं कडेवरून बोट फिरवलं. मग पुन्हा फिरवलं. बाकीच्या उठून आल्या. कुणीतरी हसून म्हणालं, "आता आम्ही काय हातावर हात धरून बसायचं का?" तोही हसला. "आता नुसतं बघायचं अन् खोक्यात भरायचं. लई घासलं तुम्ही."

पुढचं सगळं भराभर झालं. एचआरमधली प्रेरणा मॅडम स्वतः टूलरूममध्ये आली. तिनं सुधारणा सुचवण्याचा फॉर्म आणला होता, त्यावर त्याची सही घेतली. पुण्याहून इंजिनिअर आले, फोटो काढले, मापं घेतली. नूरमोहम्मदला चहा साहेबांच्या कपात मिळाला. तीन महिन्यांत तशा सहा डाय झाल्या. दोन चाकणच्या कारखान्यात गेल्या, दोन खाली तमिळनाडूत.

आणि एका सोमवारी तो टूलरूमकडं निघाला तर खिडकीखाली टेबल नव्हतं. फरशीवर चार पायांच्या चार खुणा तेवढ्या होत्या. टेबल कॅन्टीनमध्ये नेलं होतं, उष्टी ताटं ठेवायला.

शनिवारी सुट्टी होताना ठेकेदाराच्या माणसानं गेटवरच सांगितलं होतं म्हणे, सोमवारपासून येऊ नका. अकराच्या अकरा जणींना. नूरमोहम्मद थेट प्रेरणा मॅडमच्या केबिनमध्ये गेला.

"मॅडम, त्यांना दुसरीकडं घेतो म्हणले होते. पॅकिंगला."

"असं कोण म्हणालं होतं?"

त्याला आठवेना. कुणीच म्हणालं नव्हतं. ते तोच म्हणाला होता.

"नूरभाई," ती समजुतीच्या सुरात म्हणाली, "त्या आपल्या एम्प्लॉयी नाहीत. तो ठेकेदाराचा विषय आहे. तुम्ही तुमचं मन खराब करून घेऊ नका. उलट आनंदाची बातमी आहे. स्थापना दिनाला तुमचा सत्कार आहे, एमडी सरांच्या हस्ते."

तो बाहेर आला. त्या दिवशी त्याच्या हातून डायचा एक पंच वाकडा घासला गेला, चोवीस वर्षांत पहिल्यांदा.

बारा दिवस त्यानं स्वतःला समजावण्यात घालवले. मग एका रविवारी बसनं वाळूजला उतरून रांजणगाव गाठलं. आवडाबाई खोलीवर नव्हती. शेजारणीनं सांगितलं, खानावळीत बघा. खानावळीच्या मागं नळाशी ती भांडी घासत होती. कंपन्यांतल्या पोरांची दोनशे ताटं, दोन वेळा. त्याला बघून ती उठली नाही.

"बसा म्हणायला जागा नाय इथं," ती म्हणाली.

"आवडाबाई, मला खरंच माहीत नव्हतं. खुदा कसम."

"तुम्हाला काहून माहीत असंल? तुम्ही परमनंट." तिनं ताट विसळून पालथं घातलं. "आठ वर्षं बसले त्या टेबलाला. बोटं तुटत होती, पर दहा तारखेला पगार होता. श्रेयाची फी त्याच्यातून जायची. आता ती म्हणती, आई, मी कॉलेज सोडते. मी तिला मारलं काल. आयुष्यात पहिल्यांदा हात उचलला पोरीवर."

"मी तुमच्या भल्यासाठी—"

"आमचं भलं आमाला इचारून करायचं होतं!" तिचा आवाज एकदम चढला. खानावळवाला डोकावून गेला. "तुम्ही आमाला दाखवायच्या आधी एकदा इचारलं असतं, की बायांनो, हे मशीन आलं तर तुमचं काय व्हईल, तर आमी सांगितलं असतं. आमाला कळतं ते. तुमच्यासारख्या हुशार माणसालाच कळंना."

परतीच्या बसमध्ये त्याला आधी तिचा राग आला, मग स्वतःचा. आणि खुलताबादच्या वेशीपर्यंत येईस्तोवर तो राग नेमका कुणावर काढावा हेच समजेना, म्हणून घरी आल्यावर तो सगीरावर, बायकोवर, ओरडला. ती म्हणाली, "मेरेपर काय कू चिल्ला रहे? जिसने निकाला उसपर चिल्लाओ." आणि वाढायला आत निघून गेली.

ज्यानं काढलं तो कोण, हे त्याला पाच-सहा महिन्यांनी कळलं.

गोकुळ हा युनियनचा सरचिटणीस. त्या दिवसांत नव्या पगारकराराची बोलणी चालू होती. दर साडेतीन वर्षांनी करार व्हायचा, आणि या खेपेला मॅनेजमेंट एकच पालुपद लावून बसलं होतं: बाजार मंदा आहे, कंपनीकडं द्यायला पैसा नाही. पहिली शिफ्ट सुटल्यावर गोकुळनं नूरमोहम्मदला गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर ओढत नेलं आणि पिशवीतून एक जाडजूड गुळगुळीत पुस्तक काढलं. कंपनीचा वार्षिक अहवाल. इंग्रजी होता. गोकुळचं इंग्रजी बेताचंच, पण हे पान त्यानं एका वकिलाकडून समजून घेतलं होतं.

"बघ नूरभाई. कायद्यानं छापावंच लागतं हे. आपल्या एमडीचा, ऋतुराज साहेबाचा, वर्षाचा पगार, चौदा कोटी साठ लाख. मागल्या सालापेक्षा एकतीस टक्के जास्त."

नूरमोहम्मदनं कप खाली ठेवला.

"अन् हे बघ. कंपनीतल्या मधल्या कामगाराला एक रुपया मिळाला तर साहेबाला तीनशे सतरा मिळतेत."

"मधला म्हणजे?"

"सगळ्यांना पगाराप्रमाणं रांगेत उभं करायचं अन् बरोब्बर मधला माणूस उचलायचा."

"त्या रांगेत आवडाबाई कुठं उभी?"

गोकुळनं मान हलवली. "ती रांगेतच नाय. ठेकेदाराची माणसं मोजत नायत."

टपरीवर पोरं मोठमोठ्यानं बोलत होती, रस्त्यावरून कंटेनर जात होते. नूरमोहम्मदच्या कानात मात्र एकच वाक्य उरलं. मोजत नायत. त्यानं खिशातून पेन्सिल काढली, साच्यांची मापं लिहायची सवय होती, तशीच सिगारेटच्या रिकाम्या पाकिटावर आकडेमोड केली. साहेबाच्या वर्षाच्या पगाराला तीनशे पासष्टनं भागलं. बरोबर चार लाख आले. दिवसाचे. रविवार धरून, दिवाळी धरून. आवडाबाईला वर्षाला एक लाख तीस हजार मिळत. म्हणजे तिनं तीन वर्षं बोटं घासली, तरी साहेबाचा एक दिवस पुरा होत नव्हता.

"आणखी एक हाय," गोकुळ जरा दबकत म्हणाला. "तुला सांगावं का नको, असं झालंय मला."

"सांग."

"त्या पगारात मोठा हिस्सा इन्सेंटिव्हचा. खर्च कमी केला म्हणून. कशानं कमी केला, ते पुढं दिलंय. तिन्ही कारखान्यांतलं बर घासायचं हातकाम बंद केलं, एक कोटी नव्वद लाख वाचवले. त्र्याऐंशी माणसं कमी झाली. बहुतेक बायकाच." त्यानं पुस्तक मिटलं. "तुझी डाय ती."

त्र्याऐंशी. त्याला अकराच माहीत होत्या. चाकणच्या, तमिळनाडूतल्या बायांचं तोंडही त्यानं पाहिलं नव्हतं, आणि त्यांच्याही ताटातला घास त्याच्याच हातानं निघाला होता. इतका संताप त्याला कधी आला नव्हता, भावानं जमिनीच्या वाटणीत फसवलं तेव्हाही नाही. भाऊ निदान तोंड चुकवून चालायचा. इथं चोरी छापून, गुळगुळीत कागदावर, फोटोसकट वाटली होती.

"करारात हे मांड," तो गोकुळला म्हणाला. "म्हणावं, मंदी असंल तर ह्याचा पगार कसा वाढला? अन् त्या अकरा जणींना आत घ्या म्हणावं."

"पगाराचं मांडतो. बायांचं नाय जमायचं. त्या युनियनच्या मेंबर नायत."

"मग तू पण त्यांना रांगेत धरत नाय."

गोकुळचं तोंड पडलं.

स्थापना दिन आला. कारखान्याच्या मैदानावर मंडप टाकला होता. पुढं सोफे, मग खुर्च्या, मागं सतरंज्या. प्रेरणा मॅडमनं आदल्या दिवशीच नूरमोहम्मदला भाषण टाइप करून दिलं होतं. 'मी व्यवस्थापनाचा अत्यंत ऋणी आहे,' अशी त्याची सुरुवात होती. ऋतुराज साहेब मुंबईहून विमानानं आले होते. पंचेचाळिशीचा, हसऱ्या चेहऱ्याचा, अंगानं सडपातळ माणूस. त्यांनी शाल घातली, नारळ दिला, प्रशस्तिपत्र दिलं, आणि बत्तीस नगांचा डिनरसेट दिला. फोटोसाठी नूरमोहम्मदच्या खांद्यावर हातही ठेवला.

नूरमोहम्मद माइकपाशी गेला. टाइप केलेला कागद त्यानं उघडलाच नाही.

"साहेब," तो म्हणाला, आणि मंडपात शांतता झाली, कारण हा माणूस कधी बोलत नसे. "ही डाय मी बायांची बोटं वाचावी म्हणून केली होती. आपल्या खिडकीखाली अकरा जणी बसायच्या. बर काढून काढून त्यांच्या अंगठ्याचा ठसा गेला. मी म्हणलं, हे लोखंडानं करू, बाया पॅकिंगला जातील. तुम्ही त्यांना गेटबाहेर काढलं. तिन्ही ठिकाणच्या मिळून त्र्याऐंशी. अन् ते पैसे वाचले म्हणून तुमचा पगार एकतीस टक्के वाढला. हे मी म्हणत नाय, तुमच्या पुस्तकात छापलंय."

पुढच्या सोफ्यांवर चुळबुळ झाली. प्रेरणा मॅडम उठून उभी राहिली.

"तुम्हाला दिवसाला चार लाख मिळतात. आमच्या आवडाबाईला तेवढे मिळवायला तीन वर्षं लागत होती. मला एवढंच सांगा साहेब, चार लाखांचं असं कोणतं काम तुम्ही दिवसभरात करता? मी हातानं काम करणारा माणूस आहे. चोवीस वर्षं शिकतोच आहे. तेही शिकून घेतो. दाखवा मला. माझ्यासमोर करून—"

माइक बंद झाला. पण नूरमोहम्मदचं आयुष्य प्रेसच्या धडधडाटात बोलण्यात गेलं होतं. त्यानं आवाज चढवला आणि तो शेवटच्या सतरंजीपर्यंत गेला.

"हा डिनरसेट घ्या तुमचा! त्या बायांच्या घरात शिजायची मारामार हाय, अन् मी बत्तीस ताटवाट्या घेऊन घरी जाऊ? लाज वाटंल मला! तुम्हाला नाय वाटत, तर तुमच्याजवळच ठेवा!"

त्यानं खोकं टेबलावर आपटलं. आत काहीतरी फुटलं. शाल काढून त्याच्यावर ठेवली आणि तो पायऱ्या उतरला.

ऋतुराज साहेबांचा माइक चालू होता. ते उठले, चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं. "नूरमोहम्मदजींच्या भावनांचा मी मनापासून आदर करतो," ते म्हणाले. "आपण सगळे एक परिवार आहोत. परिवारात कधी कधी भांड्याला भांडं लागतं." पुढच्या रांगांनी टाळ्या वाजवल्या. मागून, सतरंज्यांवरून, कुणीतरी ओरडलं, "त्या अकरा जणी कुठंयत परिवारातल्या?" आणि मग मागच्या मागं असा काही गलका उठला की नंतरचा गाण्यांचा कार्यक्रम रद्द करावा लागला.

तिसऱ्या दिवशी निलंबनाचं पत्र आलं. व्यवस्थापनाच्या प्रतिष्ठेस बाधा, शिस्तभंग, कंपनीच्या मालमत्तेचं नुकसान. मालमत्ता म्हणजे फुटलेल्या चार बशा.

पहिले पंधरा दिवस लोक भेटायला यायचे, पाठीवर थाप मारायचे. टूलरूममधल्या एकानं तर बिर्याणीचं पातेलंच आणलं. मग येणं कमी झालं, आणि एक दिवस गोकुळ एकटाच आला. सगीरानं पाणी दिलं, तर त्यानं ते हातातच धरून ठेवलं.

"करार झालाय नूरभाई. नऊ हजार वाढ मिळतीय. पण सही करंनात. म्हणतेत, आधी नूरमोहम्मदचा माफीनामा आणा. दोन ओळी. तू लिहिलास की तुलाही आत घेतात."

"अन् नाय लिहिला तर?"

"साडेचारशे पोरांची वाढ अडकली. पोरं आता तुझ्यावरच खवळायला लागलीत. खोटं सांगत नाय."

नूरमोहम्मदनं अंगणातल्या सीताफळाकडं पाहिलं. मग म्हणाला, "लिहितो."

सगीरानं चमकून पाहिलं.

"लिहितो. दोन ओळी काय, दोन पानं लिहितो. साहेबाच्या पाया पडतो म्हणून लिहितो. फक्त आधी त्या अकरा जणींना आत घ्या. त्यांच्या हजेरीचा पहिला दिवस झाला की दुसऱ्या दिवशी माफीनामा तुझ्या हातात."

गोकुळनं तो निरोप नेला. उत्तर संध्याकाळीच फोनवर आलं: असल्या अटी ऐकून घेतल्या जाणार नाहीत.

"बघ," नूरमोहम्मद फोनवरच म्हणाला, "मी माझी मान कापून द्यायला तयार होतो. तरी नको त्यांना. वर्षाला चौदा कोटी एका माणसाला द्यायला जड जात नाय, अकरा बायांना लाख-सव्वा लाख द्यायला जातं. आता तू तुझ्या पोरांना जाऊन हे सांग. माझं नाव घेऊन सांग."

गोकुळनं सांगितलं की नाही, कुणास ठाऊक. करार मात्र महिन्याभरानं झाला, नऊऐवजी आठ हजारांवर. कमी झालेले हजार रुपये नूरमोहम्मदच्या नावावर मांडले गेले. बसमध्ये त्याच्या शेजारी बसणारा गावातला माणूस आता रस्त्यात भेटला तरी त्याच्याकडं बघेनासा झाला.

पण त्याच महिन्यात दुसरी एक गोष्ट घडली. आवडाबाई आणि आणखी सहा जणी एसटीनं खुलताबादला त्याच्या दारात आल्या. आवडाबाई खानावळीतल्या त्या दिवसानंतर त्याच्याशी बोलली नव्हती.

"मंडपातलं कळलं आमाला," ती म्हणाली. "उशिरा कळलं." तेवढ्यावर तिनं तो विषय मिटवला. मग ओच्यातून एक कागद काढला. कामगार कोर्टात केस लावायची होती. वकील म्हणाला होता, ठेकेदार नुसता नावाला होता, काम कंपनीचंच होतं, हे सिद्ध झालं तर काहीतरी होईल. पण ते सांगणारा कंपनीतला माणूस पाहिजे. परमनंट. "कुणी तयार नाय. गोकुळदादा नाय म्हणाले."

नूरमोहम्मदला ठाऊक होतं, ही साक्ष दिली की परतीची वाट कायमची बंद. त्याच्या नोकरीची सात वर्षं बाकी होती. धाकट्या लेकीचं लग्न बाकी होतं. त्यानं सगीराकडं पाहिलं. सगीरा त्या बायकांच्या हातांकडं बघत होती.

"चाय रखती मैं," ती म्हणाली. "सबकी." आणि आत गेली. त्यावरून त्याला कळलं.

केस लागली आणि कंपनी हलली. अकरा जणींचं काही नव्हतं, पण एका ठिकाणी निकाल विरोधात गेला तर त्र्याऐंशी उभ्या राहतील, ही धास्ती होती. प्रेरणा मॅडमनं घरोघरी माणसं पाठवली. केसमधून नाव काढा, नव्या ठेकेदाराकडं पॅकिंगला घेतो. सात जणींनी नाव काढलं. त्यांच्यातल्या दोघी रडत आवडाबाईकडं आल्या. ती त्यांना म्हणाली, "जावा गं. तुमची लेकरं बारकी हायेत. तुमच्यावर काहून चिडू? मला चिडायला दुसरी माणसं हायेत." चौघी उरल्या. आणि नूरमोहम्मदला निलंबन उठवून तमिळनाडूच्या कारखान्यात बदली केल्याचं पत्र आलं. तो गेला नाही, म्हणून त्याला काढून टाकलं.

आता तो चिकलठाण्यात एका छोट्या वर्कशॉपमध्ये रोजावर काम करतो. मालक अप्पाराव भला माणूस आहे, पण त्याची ऐपत ती किती. खुलताबादेतून जायला-यायला तीन तास जातात. सगीरा घरी शिलाई करते. श्रेयानं कॉलेज सोडलं नाही. सकाळी वर्ग आणि दुपारी एका दवाखान्यात पट्ट्या बांधते.

मागच्या महिन्यात साक्षीची तारीख होती. नूरमोहम्मदनं सगळं सांगितलं. टेबल कुणाचं, कानशी कुठून यायच्या, बाराशे नगांचं टार्गेट कोण द्यायचं, उशीर झाला तर पगार कोण कापायचं. ठेकेदार आठ वर्षांत शॉपमध्ये कितीदा आला, तर एकदाच, दिवाळीची मिठाई घेऊन; तीही साहेब लोकांसाठी. मग कंपनीचा वकील उठला. मुंबईहून आलेला, एका तारखेचे त्याला किती मिळत असतील ते नूरमोहम्मदनं मनातल्या मनात मोजायचं टाळलं.

"तुम्हाला कंपनीनं कामावरून काढलंय. बरोबर?"

"बरोबर."

"म्हणजे तुमच्या मनात कंपनीबद्दल राग आहे."

"हाय."

"मंडपात तुम्ही एमडींच्या पगारावर बोललात. त्यांच्या पगाराचा तुम्हाला हेवा वाटतो?"

नूरमोहम्मद कठड्याला धरून उभा होता. त्याचा आवाज चढला नाही. "हेवा कशाचा? मला चौदा कोटी नकोत. मला सांभाळताही येणार नाहीत. ते कुणाच्या बोटांतून आले, ते मला माहीत हाय, म्हणून राग हाय. आजही हाय. उद्याही राहणार."

"म्हणजे ही साक्ष तुम्ही रागाच्या भरात देताय, हे तुम्ही मान्य करता?"

"व्हय. रागातच देतोय. पण खरी देतोय. राग आला म्हणून खरं खोटं होत नाय, साहेब."

न्यायाधीश बाईंनी टायपिस्टकडं पाहिलं. टायपिस्ट थांबली होती.

"घ्या," त्या म्हणाल्या. "जसं बोलले तसं घ्या."

टायपिस्टनं घेतलं. वकिलानं पुढची तारीख मागितली. ती दीड महिन्यानं पडली.

बाहेर आवडाबाई बाकावर बसली होती. तिनं काय झालं ते विचारलं नाही. दारातून तिला सगळं ऐकू आलं होतं. चार वाजता तिला खानावळीत पोचायचं होतं. दोघं रस्त्यापर्यंत भराभर चालत गेले. तिची बस आधी आली. चढताना ती मागं वळून म्हणाली, "तारखेला या. बाकीच्या तिघींना बी आणते." आणि कंडक्टरनं बेल मारली.